मोंदादोरी

मोंदादोरी : इटलीतील सर्वांत मोठा ग्रंथप्रकाशन समूह. मुख्यालय मिलानला लागून असलेल्या सेग्राते येथे. ब्राझीलचे वास्तुविशारद ऑस्कर नीमायर यांनी रचलेली ही इमारत १९७५ मध्ये वापरात आली. शालेय पुस्तके वगळता इटलीत होणाऱ्या पुस्तकविक्रीत या समूहाचा वाटा पाव हिश्शाहून अधिक आहे. एइनाउदी, रित्सोली, पिएम्मे, स्पर्लिंग अँड कुप्फर ही एके काळची स्वतंत्र नावे आज त्याच्याच मालकीची आहेत. २०२३ मध्ये समूहाची एकूण उलाढाल सुमारे ९० कोटी युरो होती.

संस्थापक आर्नोल्दो मोंदादोरी (१८८९–१९७१) यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच झाले. मांतोव्हा प्रांतातील ओस्तील्या गावी १९०७ मध्ये त्यांनी ‘लूचे’ हे समाजवादी विचारांचे नियतकालिक काढले. संस्थेची सुरुवात तीच मानली जाते. १९२९ मध्ये पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथामाला आणि १९३३ मध्ये परदेशी कादंबऱ्यांच्या अनुवादांची ‘मेदूसा’ माला सुरू झाली. १९६५ मध्ये आलेल्या ‘ऑस्कर’ या स्वस्त पुस्तकांच्या मालेने तर इटलीत पुस्तक विकण्याची रीतच बदलली. हेमिंग्वे यांची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ ही कादंबरी अवघ्या ३५० लिरांना, तीही वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर मिळू लागली. ज्यांनी पुस्तकाच्या दुकानात कधी पाऊल टाकले नव्हते, त्यांच्या हाती साहित्य पडले. ही माला आजही चालू आहे, आणि संस्थेचे सर्वांत मोलाचे काम कोणते असे विचारले तर तिच्याकडेच बोट दाखवावे लागेल.

समूहाचे आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असले, तरी विक्री बारा महिन्यांत सारखी वाटली जात नाही. पहिली तिमाही बहुधा तोट्याची जाते. यात काही बिघडले असे समजण्याचे कारण नाही. शालेय पुस्तकांचा व्यवसाय मोठा असला की हिशेब असाच दिसतो. कोणते क्रमिक पुस्तक लावायचे हे इटलीत त्या त्या शाळेतील शिक्षक मे महिन्याच्या सुमारास ठरवतात आणि खरेदी जुलै ते सप्टेंबरमध्ये होते. म्हणजे लेखन, छपाई आणि शाळाशाळांतून फिरणारे प्रतिनिधी यांवरचा खर्च आधी होतो आणि पैसा उन्हाळ्याअखेरीस येतो. ‘दे आगोस्तीनी स्कुओला’ ही शालेय प्रकाशनसंस्था विकत घेतल्यापासून शालेय विक्रीवरचे हे अवलंबन आणखी वाढले आहे.

साहित्याचे वेळापत्रक वेगळे चालते. वसंतात बोलोन्याचा बालसाहित्य मेळा, मे महिन्यात तोरिनोचे ग्रंथप्रदर्शन, जुलैत रोममध्ये स्त्रेगा हा साहित्य पुरस्कार. हा पुरस्कार १९४७ पासून दिला जातो आणि त्यामुळे खप खरोखरच वाढतो. पाओलो जोर्दानो हे तेव्हा भौतिकशास्त्राचे संशोधक विद्यार्थी होते. त्यांची पहिलीच कादंबरी मोंदादोरीने २००८ मध्ये काढली, तिला स्त्रेगा मिळाला आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ऑगस्टच्या मध्यावर देश सुट्टीवर जातो. शरद ऋतूत मोठ्या लेखकांची पुस्तके येतात, कारण नाताळच्या भेटवस्तूंत पुस्तकाला अजून मान आहे.

इटलीत दरवर्षी हजारो नवी पुस्तके निघतात. वर्षातून एक तरी पुस्तक वाचणारे मात्र लोकसंख्येच्या सुमारे ४० टक्केच. न खपलेल्या प्रती दुकानदार प्रकाशकाला परत करू शकतो, त्यामुळे बहुतेक नव्या पुस्तकांना दुकानात काही आठवडेच जागा मिळते. दुकानात पाठवलेली प्रत म्हणजे विकलेली प्रत नव्हे. म्हणून वर्षाचा निकाल पाहताना नव्या पुस्तकांच्या संख्येवर विसंबू नये. जुन्या यादीतील किती पुस्तके पुन्हा छापावी लागली, हे अधिक बोलके असते. मोंदादोरीकडे ती यादी शतकभराची आहे. शिवाय पाचशेहून अधिक दुकानांचे जाळेही आहे. त्यांतली बरीच दुकाने स्थानिक व्यावसायिक चालवतात. २०२० च्या कायद्याने नव्या पुस्तकांवरील सूट साधारणपणे ५ टक्क्यांपुरती मर्यादित केली, त्यामुळे छोट्या दुकानांना थोडा आधार मिळाला.

मालकीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. १९९१ मध्ये संस्था उद्योगपती आणि पुढे इटलीचे पंतप्रधान झालेले सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या फिनइन्व्हेस्ट या कंपनीकडे गेली. ज्या न्यायालयीन निकालाने त्यांची बाजू भक्कम झाली, तो न्यायाधीशाला लाच देऊन मिळवलेला होता असे पुढे सिद्ध झाले आणि फिनइन्व्हेस्टला प्रतिस्पर्धी समूहाला जबर भरपाई द्यावी लागली. २००९ मध्ये एइनाउदीने पोर्तुगीज लेखक जुझे सारामागु यांचे, बेर्लुस्कोनींवर टीका असलेले पुस्तक छापण्यास नकार दिला. ते दुसऱ्या प्रकाशकाकडून आले. नोबेल मिळालेल्या आपल्याच लेखकाबाबत असे घडावे, हे एइनाउदीच्या फॅसिस्टविरोधी परंपरेला शोभणारे नव्हते.

२०१५ मध्ये मोंदादोरीने रित्सोलीचा ग्रंथविभाग १२.७५ कोटी युरोंना घेण्याचे ठरवले, तेव्हा एवढी सत्ता एका हाती नको म्हणून कादंबरीकार उंबेर्तो एको आणि संपादक एलिझाबेत्ता स्गार्बी यांनी सहकाऱ्यांसह ‘ला नावे दि तेसेओ’ ही नवी संस्था काढली. स्पर्धा नियामकानेही त्या विभागातील बोम्प्यानी आणि मार्सिल्यो या प्रकाशनसंस्था विकायला लावल्या. त्यांपैकी बोम्प्यानी फ्लोरेन्सच्या जूंती या प्रकाशनसंस्थेने घेतली.