चोवीस गुणांची रेघ: उतारवयातल्या विसरण्याच्या तपासणीची पार्श्वभूमी

उतारवयातल्या विसरण्याला आपल्याकडे बरीच वर्षे आजार मानलेच गेले नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटले की विषय संपायचा. वैद्यकातही फार निराळे नव्हते. १९०६ साली जर्मनीत ज्या रुग्णाच्या मेंदूतले बदल प्रथम मांडले गेले, ती बाई पन्नाशीतली होती. १९१० मध्ये त्या आजाराला ‘अल्झायमर’ हे नाव मिळाले तेही म्हातारपणाआधी येणारा आजार म्हणून. सत्तरीतल्याचे तसलेच विसरणे वयाच्या खात्यावर टाकले जाई. दोन्ही एकच, हे ठामपणे म्हटले गेले ते १९७६ च्या सुमारास.

त्याच काळात, १९७५ मध्ये, अमेरिकेत ३० गुणांची, बहुतांशी तोंडी अशी एक परीक्षा (एमएमएसई) तयार झाली. ओपीडीत आजोबांना ‘आज तारीख काय, आपण कुठे आहोत’ असे जे विचारतात त्याचे मूळ तिथे आहे. २४ च्या खाली गुण गेले की शंका घ्यायची, हा दंडकही तिच्यासोबत रुजला, आणि खरा घोळ या रेघेचाच आहे.

गुणांची वाटणी पाहिली की तो कळतो. काळाचे भान ५, ठिकाणाचे ५, तीन शब्द लगेच म्हणून दाखवणे ३ आणि काही मिनिटांनी आठवणे ३. शंभरातून सात-सात वजा करत ९३, ८६, ७९, ७२, ६५ पर्यंत येणे ५. वस्तूंची नावे २, वाक्य पुन्हा म्हणणे १, तीन टप्प्यांची सूचना पाळणे ३. उरलेले तीन गुण वाचन, लेखन आणि एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांच्या नकलेचे. पाटी-पेन्सिल कधी हातात न धरलेल्या बाईचे वजाबाकीचे ५ आणि हे ३ गेले, तर बाकी सगळे अचूक सांगूनही ती २२ वर थांबते. त्यातही पुष्कळदा तिला तारीख येत नाही आणि आणखी गुण जातो. एकादशी परवा आहे हे मात्र ठाऊक असते. त्याला गुण नाही.

कोल्हापूर संस्थानाने १९१७ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मग इथे ही अडचण कशी, असे कुणी विचारेल. पण आज ऐंशीच्या घरातल्या, शाहूवाडी-गगनबावड्याकडच्या कितीतरी बायकांची शाळा दुसरी-तिसरीतच सुटलेली असते. उलट निवृत्त हेडमास्तर आजार सुरू झालेला असूनही २८ गुण मिळवून हसत घरी जातात. त्यांच्या बाबतीत आजाराचे निदान लांबते, आणि ही चूक जास्त महागात पडते.

१९९५ मध्ये हरियाणातल्या गावांसाठी केलेले हिंदी रूप प्रसिद्ध झाले, तेव्हा यावर उत्तर निघाले. वजाबाकीच्या जागी वार उलटे म्हणायचे, वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काहीतरी सांगायचे, ‘डोळे मिटा’ असे वाचून तसे करण्याऐवजी समोरच्याने डोळे मिटले की आपणही मिटायचे. पुढे २००१ पासून मूळ परीक्षेच्या छापील फॉर्मला पैसे पडू लागले आणि अनेकांनी दुसऱ्या चाचण्या धरल्या. रेघेचा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर तिकडेही गेला.

देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला. २०२४ च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालाने टाळता येण्याजोगे चौदा धोके मांडले. त्यात कमी ऐकू येणे, उपचार न केलेला दृष्टिदोष, रक्तदाब, मधुमेह आणि कमी शिक्षणही आहे. म्हणजे शिक्षण खरा धोकाही आहे आणि मोजपट्टीतला दोषही. हे दोन्ही वेगळे करणे सोपे नाही.

म्हणून चाचणीआधी कानातला मळ, मोतीबिंदू आणि चष्मा पाहावा. बी-१२, थायरॉईड, सोडियम, साखर तपासावी. झोपेच्या, सर्दीच्या आणि लघवी रोखण्याच्या गोळ्यांनीही डोके जड होते, तेव्हा औषधांची पिशवी सोबत न्यावी. महिन्या-दोन महिन्यांत डोक्याला मार लागला असेल तर सीटी स्कॅन लागतो. दोन-तीन दिवसांत अचानक बरळणे सुरू झाले तर चाचणीच्या नादी न लागता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अनेकदा लघवीचा संसर्ग किंवा सोडियम उतरलेले असते. घरच्यांनी वर्षभरातला फरक सांगावा: डेअरीच्या बिलाचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा, नेहमीच्या रस्त्यावर चुकणे. चिठ्ठीवर नुसते ‘२२/३०’ लिहिले असेल तर कुठले आठ गुण गेले हे विचारून घ्यावे, शेजारी शिक्षणाची वर्षे लिहायला सांगावीत आणि सहा महिन्यांनी तीच चाचणी त्याच भाषेत पुन्हा करून घ्यावी.