भट्टीच्या हातपंख्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या जुन्या शेतांवरच्या कोठारांत आणि लिलावांत आजही एक यंत्र सापडतं. तीन पायांच्या घोडीवर बसवलेलं शंखाच्या आकाराचं बिडाचं कवच, त्याला चिकटून दातेचाकांची बंद पेटी आणि लाकडी मुठीचा दांडा. लोहाराच्या भट्टीला हवा देणारा हा हातपंखा. बहुतेक वेळा तो जाम झालेला असतो, आणि हाती आल्याबरोबर माणूस दांडा जोर लावून फिरवायला जातो. नेमकं तेच करू नये. का करू नये, हे हा पंखा असा का घडला ते कळलं की उमगतं.

दगडी कोळशाची भट्टी नुसती पेटवून लोखंड घडवता येत नाही. लोखंड पिवळंधमक व्हायला, आणि दोन तुकडे घणाखाली एकजीव करायचे तर साधारण १३०० अंश सेल्सिअसपर्यंत जायला, निखाऱ्यांच्या पोटात दाबाने हवा शिरावी लागते. शतकानुशतकं हे काम कातडी भात्याने केलं. साधा भाता धापा टाकत चालतो: एकदा फुंकतो, एकदा श्वास घेतो. युरोपातल्या लोहारांनी दोन कप्प्यांचा मोठा भाता वापरून यावर तोड काढली. खालचा कप्पा हवा भरायचा, वरचा वजनाखाली दबत ती सलग सोडायचा. हे साधन उत्तमच होतं. पण त्याचं कातडं तेल न मिळाल्यास तडकायचं, उंदीर कुरतडायचे आणि निम्मं दुकान तोच अडवून बसायचा. शिवाय भट्टीतला न जळलेला वायू उलटा भात्यात शिरला, तर पुढच्या फुंकरीला स्फोट होऊन भाता फाटायचा.

फिरत्या पात्यांनी हवा ढकलायची युक्ती मात्र फार जुनी. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातच धान्य उफणायचे हाताने फिरवायचे पंखे होते. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या अॅग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या खाणकामावरच्या ग्रंथात खाणीत हवा सोडणारे पंखे चितारलेले आहेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात देझाग्युलिए या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सची कोंदट हवा बाहेर काढायला असंच चाक बसवलं. मग लोहाराने एवढी वर्षं भात्यालाच का धरून ठेवलं?

अडचण वेगाची होती. पंख्याने निर्माण होणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग अर्धा झाला, तर दाब चौथाईवर येतो. खाणीत किंवा सभागृहात नुसती हवा हलली तरी भागतं. कोळशाच्या जाड थरातून ती आरपार ढकलायची, तर लहान पंख्याला मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे हवेत. माणूस न दमता दांडा फिरवतो तो मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा. म्हणजे मधल्या यंत्रणेने वेग चाळीस-पन्नास पटीने वाढवायला हवा, तोही स्वस्तात, थोड्या जागेत आणि धुळीला दाद न देता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतकाम आणि दातेचाकं कापायची यंत्रं सुधारली, तेव्हा कुठे हे जमलं.

सुरुवातीचे पंखे पट्ट्यावर चालत. तरफ दाबायची किंवा मोठं चाक फिरवायचं, त्यावरचा पट्टा पंख्याची छोटी पुली गरगरवायचा. ही पद्धत अजून मेलेली नाही. महाराष्ट्रात गावोगाव पाल ठोकून अवजारं घडवणाऱ्या घिसाडी कुटुंबांकडे असा चाक-पट्ट्याचा पंखा दिसतो, आणि तो फिरवणारी बहुधा घरातली बाई असते. पट्ट्याचा दोष एकच: तो सैल पडतो, घसरतो. न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातली बफेलो फोर्ज, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची चॅम्पियन ब्लोअर अँड फोर्ज आणि शिकागो हाइट्सची कॅनेडी-ऑटो या कंपन्यांमध्ये मग पट्टा काढून सगळी चाकं तेलाच्या बंद पेटीत बसवायची चढाओढ लागली. बफेलोने आपल्या एका पंख्याचं नावच 'सायलेंट' ठेवलं होतं. आधीच्या दातेचाकांचा खडखडाट गिऱ्हाइकांना किती छळत असेल, याची त्यावरून कल्पना येते.

या चढाओढीतलं मला सर्वांत देखणं वाटणारं फळ म्हणजे चॅम्पियनचा ४०० क्रमांकाचा पंखा. त्यात दांड्याच्या शाफ्टवरचं मोठं चाक मधल्या शाफ्टवरचं छोटं चाक फिरवतं. त्याच मधल्या शाफ्टवर तिरप्या दात्यांचं ब्राँझचं चाक असतं, आणि ते पंख्याच्या शाफ्टवरचा पोलादी वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला भाग, फिरवतं. एरवी वर्म चाकाला फिरवतो आणि वेग कमी होतो. इथे उलट आहे. दात्यांचा तिरपेपणा नेमका साधला नाही, तर ही जोडी जागची हलणारच नाही. वेगाने फिरणारा शाफ्ट सायकलच्या चाकासारखा सुट्या छर्ऱ्यांवर आणि कोनवर, म्हणजे छर्ऱ्यांना जागेवर धरणाऱ्या निमुळत्या नटावर, तोललेला असतो. शेतकऱ्याच्या कोठारात धूळ खात पडायच्या वस्तूवर एवढी कारागिरी झाली आहे!

याच बफेलो फोर्जमध्ये १९०१ साली विलिस कॅरिअर हा तरुण अभियंता रुजू झाला. भट्टीच्या पंख्यांवरून कंपनी तोवर इमारतींना गरम हवा पुरवणाऱ्या मोठ्या पंख्यांपर्यंत पोचली होती. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगून रंग जुळेनात, म्हणून त्याने १९०२ साली हवेतली आर्द्रता आवरणारी यंत्रणा आखली. आजच्या एअर कंडिशनिंगची सुरुवात तिथे मानतात. पुढे १९१५ मध्ये कॅरिअर आणि त्याचे सहकारी वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

हातपंख्याची सद्दी जेमतेम अर्धशतकाची. शेतातली दुरुस्ती, घोड्यांचे नाल, पूल आणि उंच इमारतींचे रिव्हेट तापवणं अशा कामांत तो होता. वीज, गॅस वेल्डिंग आणि ट्रॅक्टर आले, घोडे गेले, तसा तो कोपऱ्यात पडला. १९७३ साली जॉर्जिया राज्यात कलाकार-लोहारांची संघटना उभी राहिली, हौशी लोक पुन्हा भट्ट्या पेटवू लागले आणि या पंख्यांना मागणी आली.

आता तो जाम दांडा. वेग पन्नासपट वाढवणारी पेटी उलट बाजूने पाहिली, तर पंख्याच्या टोकाचा किंचित गंजही दांड्यावर प्रचंड अडसर होऊन बसतो. दांड्यावर लोंबकळलं, की बळी जातात ते ब्राँझचे दाते, आणि ते बाजारात मिळत नाहीत. म्हणून पेटी उघडून जुनं, डांबरासारखं झालेलं तेल रॉकेलने सोडवावं, पंख्याच्या कवचातली कुंभारमाश्यांची मातीची घरटी काढावीत आणि हालचाल पंख्याच्या बाजूने हलक्या हाताने सुरू करावी. बीड वाकत नाही, थेट तडकतं. स्क्रू हलत नसेल तर ऊब द्यावी, हातोडा नको. वाळूचा मारा पेटी बंद असतानाही टाळावा, कारण शाफ्टच्या फटींतून कण आत जातात. कवचावर पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतील, तर त्या घासून टाकू नयेत. यंत्राचं वय सांगणारा पुरावा बहुधा तेवढाच उरलेला असतो. कोन घट्ट आवळला तर छर्रे घासतात, सैल ठेवला तर वर्मची जागा हलते; शाफ्ट मोकळा फिरावा आणि खेळ जेमतेम जाणवावा, एवढंच.

काही जण दांडा काढून विजेची मोटर जोडतात. मला ते पटत नाही. दांडा हाताने फिरवायचा असला, की लोखंड ऐरणीवर असतं तेव्हा हात थांबतो, भट्टी निवते आणि कोळसा वाचतो. ज्या कामासाठी ही पेटी घडवली ते काम मोटर लावल्यावर उरतच नाही. आणि दुरुस्तीनंतर शाफ्टपाशी तेल ठिबकलं, तर सील शोधत बसू नये. या पंख्यांना सील नव्हतंच. जास्तीचं तेल गळून जायचं, आणि लोहार कामाला लागण्यापूर्वी वरून थोडं पातळ तेल पुन्हा घालायचा.