तंतुकला, कोकणातील

काथ्या, केळीचा वाख, घायपात, ताग असे वनस्पतिजन्य तंतू आणि जोडीला मासेमारीची टाकाऊ जाळी, शिंपले, लाकूड किंवा तार घेऊन घडवलेली समकालीन कलाकृती. विणणे, गुंफणे, गाठी मारणे हे काम जुनेच. त्याकडे स्वतंत्र कला म्हणून पाहिले जाऊ लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्वित्झर्लंडमधील लोझानला १९६२पासून भरलेल्या द्वैवार्षिक प्रदर्शनांचा त्यात मोठा वाटा आहे. भारतात मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी दोराला गाठी मारत पुरुषभर उंचीची शिल्पे उभी केली.

कोकणात या कलेचा मुख्य आधार काथ्या. नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजवून, बडवून, धुऊन तो मोकळा करतात. हिरव्या नारळाचा काथ्या फिकट सोनेरी, पक्क्याचा तपकिरी आणि राठ. लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारा घटक, भरपूर असल्याने तो खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही. सुंभ वळताना दोन्ही पेडांना एकाच दिशेने पीळ देतात आणि ते एकमेकांवर उलट दिशेने चढवतात. दोघांची उलगडण्याची ओढच मग दोर घट्ट धरून ठेवते. हा सुंभ उकलला तरी तंतू कुरळेच राहतात. भिंतीवर टांगलेल्या कामाला सावल्यांचा दाट पोत येतो तो त्यामुळे. असा काथ्या तैलरंगाखाली झाकणे म्हणजे त्याचे सारे वैभव घालवणे होय.

केळीचा वाख याउलट गुळगुळीत व चमकदार. केळीच्या खोडावरील सोपाचे पदर सोलून, खरवडून तो काढतात. अबोलीचे वळेसर (गजरे) ज्यात गुंफतात तोच हा धागा. माग नसला तरी बोटांनी गुंफता येतो. जुन्या नायलॉन जाळ्याशी त्याची जोडणी मात्र कठीण. नायलॉनवर साधी गाठ निसटते, ती दुहेरी मारावी लागते. काथ्या आपल्या खरखरीतपणामुळे पहिल्याच फेऱ्यात पकड घेतो, म्हणून वाख आणि जाळे यांच्यामध्ये सुंभाचा तुकडा घालणे सोयीचे.

रंगासाठी खैराचा कात उत्तम: तपकिरी छटा पक्की बसते, लोहाच्या पाण्याने ती काळपट होते. कोकमाचा लाल रंग मोहक असला तरी उन्हात विटतो. टिकाऊ कामात तो वापरू नये.

पावसाळ्यातील दमट हवेत वाखाला बुरशी लवकर धरते. त्यामुळे कलाकृती भिंतीला न चिकटवता मागे पट्ट्या ठोकून थोडी पुढे टांगतात आणि वारा खेळता ठेवतात.