ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमचं इन्स्टॉलेशन : सोपं की अवघड

लिनक्स, बीएसडी वगैरे ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सिस्टीम मशीनवर टाकायची प्रक्रिया आणि ती नवख्याला कितपत जमते यावरचा जुना वाद. वाद बहुतेकदा इन्स्टॉलर दिसतो कसा यावरच घातला जातो, पण माणूस खरा अडकतो तो पार्टिशन (डिस्कचे भाग पाडणं), बूटलोडर (मशीन चालू होताच सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) या तीन ठिकाणी. विंडोजशी तुलनाही जरा अन्यायाचीच, कारण विंडोज बहुतेकांना मशीनबरोबर तयार मिळतं, ते स्वतः टाकायची वेळच येत नाही.

1991 मध्ये लिनक्स आलं तेव्हा इन्स्टॉलर असा काही नव्हताच, पुढे बूट (मशीन सुरू करणारी) आणि रूट (सिस्टीमच्या मूळ फाइल्स असलेली) अशा दोन फ्लॉप्या आल्या आणि बाकी सगळं हाताने. 1992 मध्ये एमसीसी इंटरिम आणि एसएलएस ही डिस्ट्रिब्युशन्स (लिनक्सचे तयार संच) आली, एसएलएसवरूनच 1993 मध्ये स्लॅकवेअर निघालं.

सोपं इन्स्टॉलेशन पहिल्यांदा कुणी आणलं यावर एकमत नाही. सर्रास नाव घेतलं जातं उबुंटूचं (2004), पण त्याच्या पहिल्या आवृत्तीचा इन्स्टॉलर डेबियन या जुन्या डिस्ट्रिब्युशनचाच होता, तोही टेक्स्टमधला, आणि लाइव्ह सीडीवरूनच (इन्स्टॉल न करता सिस्टीम चालवता येणारी सीडी) माउसने इन्स्टॉल करायची सोय 2006 च्या 6.06 मध्ये आली. काहीजण थेट यग्ड्रासिल या डिस्ट्रिब्युशनपर्यंत (साधारण 1992-93) मागे जातात, ते सीडीवरून चालायचं आणि हार्डवेअर ओळखायचा प्रयत्नही करायचं. निव्वळ ग्राफिकल इन्स्टॉलर धरला तर 1999 च्या कॅल्डेरा ओपनलिनक्स 2.2 चा दावा जास्त पटण्यासारखा आहे. त्याच्या लिझार्ड इन्स्टॉलरमध्ये पॅकेजेस कॉपी होईपर्यंत टेट्रिस खेळता यायचं! त्याच वर्षी रेड हॅट आणि कोरेलनेही तीच वाट धरली. हार्डवेअर आपोआप ओळखण्याचं श्रेय मात्र क्नॉपिक्स या लाइव्ह सीडीला (2000) द्यावं लागतं, आणि नवख्याच्या दृष्टीने तेच जास्त महत्त्वाचं.

बूटलोडरचा त्रास आता विस्मरणात गेलाय. लिलो हा जुना बूटलोडर फाइल सिस्टीम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) वाचायचा नाही, कर्नल (सिस्टीमचा गाभा) डिस्कवर नेमका कुठल्या ब्लॉकमध्ये आहे तेवढंच टिपून ठेवायचा, म्हणजे कर्नल बदलला आणि लिलो कमांड परत चालवायची राहिली की पुढचं बूट लटकलंच. डिस्कच्या मापाचा हिशेब जुळला नाही तर स्क्रीनवर नुसतं 'LI' उमटून मशीन गप्प, 'LILO' मधली पुढची दोन अक्षरं येतच नाहीत. जुन्या बायोसला (मशीन चालू होताच आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) 1024 सिलिंडरच्या (डिस्कवरच्या जागेचं एक माप) पलीकडचं वाचता यायचं नाही म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच छोटं बूट पार्टिशन काढायची पद्धत पडली. नंतरचा बूटलोडर ग्रब फाइल सिस्टीम वाचतो, त्यामुळे दरवेळी कमांड चालवायची भानगड मिटली. नंतर यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं) आणि सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं) आले आणि नवी डोकेदुखी सुरू झाली, त्यावर शिम नावाचा सही केलेला छोटा लोडर वापरतात.

ड्रायव्हरमध्ये आधी विनमोडेमचा त्रास (बरंचसं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर सोपवणारे मोडेम), मग वायफायच्या फर्मवेअरचा (उपकरणात भरावं लागणारं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर). नेट चालू व्हायला फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर उतरवायला नेट हवं, असा पेच. डेबियनने 2022 मध्ये मतदान घेऊन नॉन-फ्री (मुक्त परवान्याचं नसलेलं) फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, ते 2023 च्या डेबियन 12 पासून मिळतं.

जेंटू आणि आर्च या डिस्ट्रिब्युशन्समध्ये सगळं हाताने करणं हा मुद्दामचा भाग. आर्चने 2012 मध्ये होता तो इन्स्टॉलरही काढून टाकला, 2021 मध्ये आर्चइन्स्टॉल हा नवा इन्स्टॉलर आला. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर अजून टेक्स्टमध्येच प्रश्न विचारतो, बहुतेक ठिकाणी नुसतं एंटर दाबत गेलं तरी चालतं.