क्लच हलका करताना चुकणारे गणित

कुंभार्ली घाट चढताना वळणावळणावर क्लच दाबून पाय भरून आला, की जुनी गाडी नव्याने उभी करणाऱ्याला हमखास सुचते: मोठा स्लेव्ह सिलिंडर (पेडलने ढकललेल्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर) बसवावा, म्हणजे पेडल हलके होईल. ते हलके होतेही. पण पुष्कळदा त्यानंतर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरत पडू लागतो.

याचे कारण पास्कलच्या नियमात आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, म्हणून दट्ट्याचे क्षेत्रफळ जितके जास्त तितके बल जास्त. मात्र ढकललेले तेल तेवढेच असल्याने मोठा दट्ट्या कमी सरकतो. पेडलला जोडलेल्या, तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा आतला व्यास पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी, आणि त्याचा दट्ट्या २५ मिमी सरकत असेल, तर पाऊण इंचाहून थोड्या मोठ्या, २२.२ मिमीच्या स्लेव्हमध्ये सुमारे १८.४ मिमी हालचाल मिळते. तिथे २५.४ मिमीचा स्लेव्ह लावला, तर बल जवळजवळ ३० टक्के वाढते, पण हालचाल १४ मिमीवर येते. ती परत मिळवायला मास्टरही त्याच प्रमाणात मोठा केला, तर पेडल पुन्हा पहिल्याइतकेच जड होते! म्हणून क्लच सुटायला फोर्क (स्लेव्हने ढकलली जाणारी तरफ) किती सरकावा लागतो, हे आधी मोजावे आणि मगच सिलिंडर निवडावा. माझ्या मते त्याहूनही आधी फोर्कचा टेकू झिजला आहे का, जुना रबरी होज आतून फुगला आहे का, हे पाहावे, कारण कित्येकदा जडपणाचे मूळ तिथेच असते.

किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट जपावी लागते. क्लचच्या सिलिंडरांत भरलेले डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत तिची कमतरता नाही. क्लचमध्ये तेल उकळण्यापेक्षा गंजाची भीती मोठी: बिडाच्या सिलिंडरला आतून खड्डे पडतात, ते दट्ट्यावरचे, तेल अडवणारे रबरी कप कापतात आणि गळती सुरू होते. अशा सिलिंडरला स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्यावी, खाऱ्या वाऱ्याला टिकणारी तांबे-निकेलची नळी वापरावी आणि तेल ठरावीक काळाने बदलावे. डॉट ५ हे सिलिकॉन तेल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी तळाशी साचून तिथेच गंज धरते. शिवाय ते डॉट ४ मध्ये मिसळून चालत नाही.

शेवटी हवा काढून झाल्यावर, सहकाऱ्याला पेडल दाबायला लावून स्लेव्हची दांडी किती सरकते ते पट्टीने मोजावे. हिशेबापेक्षा ती बरीच कमी सरकली, तर नळीत अजून हवा अडकलेली असू शकते.