बाजूला करणं वेगळं, काढून टाकणं वेगळं

वृद्धाश्रमातल्या आयाबाईने कुणावर हात उगारल्याची तक्रार आली, की व्यवस्थापकांचं पालुपद ठरलेलं: "अजून सिद्ध कुठे झालंय? गरिबाच्या पोटावर पाय कसा द्यायचा?" ऐकून ऐकून कान किटले.

कामावरून काढणं ही शिक्षा. तिला चौकशी हवी, पुरावा हवा, आयाबाईचं म्हणणंही ऐकायला हवं. इथे वाद नाही. बाजूला करणं ही शिक्षाच नव्हे. पगार चालू ठेवा, पण चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसवा. एवढ्याला पुरावा लागत नाही, तक्रार पुरते. तक्रार खोटी निघाली तर ती मानाने परत येईल.

फोंड्याकडच्या एका आश्रमात एका आजींच्या दंडावर चार बोटांचे वळ मी स्वतः पाहिले. व्यवस्थापकांनी 'कारवाई' केली होती: आयाबाईची दिवसपाळी बदलून रातपाळी! म्हणजे जिथे चार माणसं बघतात तिथून उचलून जिथे कुणीच बघत नाही तिथे. आजी पेज पीत होत्या. बाहेर चपला वाजल्या तशी वाटी खाली ठेवली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "पडलें गो बाय." त्या उत्तरावर चौकशी मिटवायला निघाले होते. मी हट्टच धरला, तेव्हा कुठे आयाबाईला घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी आजी आपणहून बोलल्या. जिच्या हातून रोज आंघोळ करून घ्यायची, तिच्याविरुद्ध कोण तोंड उघडेल?

दुसरी शहाणपणाची तऱ्हा म्हणजे आजींचीच खोली बदलणं. खिडकीजवळची खाट गेली, शेजारीण गेली, आणि बाकीच्या म्हाताऱ्या त्याच हातांत राहिल्या. याची मला मनस्वी चीड आहे.

अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या केंद्रीय नियमांत छळाचा आरोप २ तासांत वर कळवावा लागतो आणि चौकशीचा निष्कर्ष कामाच्या ५ दिवसांत द्यावा लागतो. चौकशी चालू असताना पुन्हा छळ होऊ न देणं ही तिथे वेगळी, स्वतंत्र जबाबदारी आहे. निष्कर्षाची वाट पाहत ती टाळता येत नाही.

जाता जाता: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे हे प्रकरण नेऊ नका. तिथे मुख्यतः मुलांकडून मिळायच्या निर्वाहखर्चाचा निवाडा होतो. मारहाणीला पोलीस ठाणं किंवा ११२. सल्ला हवा तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. 'आमची अंतर्गत चौकशी चालू आहे' म्हणून पोलिसांकडे जाणं थांबवू नका.

वळ दिसताहेत तोवर डॉक्टरांना दाखवा, तारखेसह फोटो काढा. आजी जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, कोकणीत बोलल्या तर कोकणीतच. त्या आश्रमाच्या नोंदवहीत मी वाचलं होतं: 'किरकोळ कुरबुर, समजूत घातली.'