दरबुका

इजिप्त व पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरातील एकतोंडी चर्मवाद्य. इजिप्तमध्ये त्याला ‘तबला’ म्हणतात. हिंदुस्थानी संगीतातील जोडीने वाजणारा, शाई लावलेला तबला हे मात्र निराळे वाद्य होय. वर रुंद तोंड, मध्ये आवळलेला गळा आणि खाली उघडी नळी अशा घडणीमुळे हॉर्नबोस्टेल व झाक्स या संगीतशास्त्रज्ञांच्या १९१४ च्या वाद्यवर्गीकरणात ते चषकाकृती ढोलांत मोडते.

जुन्या घडणीच्या दरबुक्याचे भांडे भाजलेल्या मातीचे असते आणि तोंडावर माशाचे किंवा बकरीचे कातडे चिकटवलेले असते. मातीचे भांडे, एका तोंडाला कातडे व दुसरे तोंड उघडे ही रचना गोव्याच्या घुमट या वाद्याची आठवण करून देते. दमट हवेत कातडे सैल पडून नाद बसका होतो, म्हणून वाजवण्यापूर्वी ते धगीवर शेकून ताणून घेतात. वादक वाद्य डाव्या काखेत किंवा मांडीवर आडवे धरतो. कातड्याच्या मध्याजवळील आघाताने ‘दुम’ हा खर्जातील, तर काठावरील आघाताने ‘तक’ हा टणक बोल निघतो. मकसूम, बलदी व सईदी हे ठेके याच दोन बोलांवर उभे असून, बलदीत आरंभीच लागोपाठ दोन ‘दुम’ येतात, तर सईदीत ते मध्यावर पडतात.

कैरोत राहिलेल्या एडवर्ड विल्यम लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनात शिंपल्याने व कासवाच्या कवचाने मढवलेला लाकडी दरबुका आणि नाईलवरील नावाडी वाजवीत तो साधा मातीचा दरबुका, असे दोन्ही प्रकार नोंदवले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मेरी एलिझाबेथ ब्राउन यांनी १८८९ पासून दिलेल्या क्रॉस्बी ब्राउन वाद्यसंग्रहातही इजिप्शियन दरबुके आहेत. जडावकाम प्रेक्षकांचे लक्ष लगेच वेधून घेते. पण वाद्याच्या रोजच्या वापराची कल्पना नावाड्यांच्या मातीच्या दरबुक्यावरूनच अधिक येते, आणि असे भांडे पडताच फुटत असल्याने जुना, अभंग नमुना विशेष मोलाचा ठरतो. संग्रहालयात कातड्याला धग देता येत नाही. त्यामुळे तेथे आकार व कारागिरी अभ्यासता येते, नाद नव्हे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियमचे ओतीव भांडे आणि पेचांनी ताणता येणारा प्लॅस्टिकचा पडदा रूढ झाला. लग्नाच्या वरातीत व नृत्याच्या साथीला आज बहुधा हाच प्रकार वाजतो.